आघाडीच्या चार तुकड्यांचे गणित

एडमंटन ऑयलर्सच्या कॉनर मॅकडेव्हिड आणि लिऑन ड्रायझायटल यांनी २०२५च्या स्टॅनले करंडकाच्या बाद फेरीत गोल आणि गोलसाहाय्य मिळून प्रत्येकी ३३ गुण कमावले. तरीही १७ जून रोजी करंडक उंचावला तो फ्लोरिडा पँथर्सने. अंतिम मालिका ४-२ अशी जिंकून, तीही सलग दुसऱ्या वर्षी. क्रिकेटमध्ये आपण फलंदाजीच्या खोलीविषयी बोलतो, तशीच बर्फावरील हॉकीत आघाडीची खोली निर्णायक ठरते.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये सामन्यासाठी प्रत्येक संघ २० खेळाडू उतरवतो: १२ आघाडीपटू, ६ बचावपटू आणि २ गोलरक्षक. आघाडीपटूंच्या तिघातिघांच्या चार तुकड्या असतात. खेळ इतका वेगवान, की एक तुकडी सलग पाऊण मिनिटच बर्फावर टिकते. ६० मिनिटांच्या सामन्यात अव्वल खेळाडूच्या वाट्याला साधारण २० ते २५ मिनिटे येतात. उरलेला वेळ इतरांनाच निभवावा लागतो.

बचावपटू जोडीने खेळतात. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक आपली सर्वोत्तम जोडी साहजिकच पहिल्या तुकडीवर सोडतो. यजमान संघाला खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क असल्याने त्याला हे अधिक सोपे जाते. मात्र दुसरी आणि तिसरी तुकडीही गोल करणारी असेल, तर ती एक जोडी कुठे कुठे पुरणार? तिसऱ्या तुकडीसमोर मग तुलनेने दुबळा बचाव येतो. दोन तारे एकाच तुकडीत खेळवले, तर तिची धार वाढते. पण बाकीच्या तुकड्या बोथट होतात.

फ्लोरिडाने नेमके हेच साधले. मार्च २०२५मध्ये बोस्टन ब्रुइन्सकडून ३६ वर्षांच्या ब्रॅड मार्शँडला आणून त्यांनी त्याला तिसऱ्या तुकडीत अँटन लुंडेल आणि ईटू लुओस्टारिनेन यांच्या जोडीला दिले. मार्शँडने बाद फेरीत १० गोल केले, त्यांपैकी ६ अंतिम मालिकेत. दुसऱ्या तुकडीचा सेंटर सॅम बेनेट १५ गोलांसह बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अशी बांधणी अवघड होते ती वेतनमर्यादेमुळे. २०२४-२५मध्ये संपूर्ण संघासाठी ही मर्यादा ८ कोटी ८० लाख डॉलर होती. त्यातला सातवा हिस्सा, १ कोटी २५ लाख, एकट्या मॅकडेव्हिडचा. म्हणून तिसरी-चौथी तुकडी स्वस्तात उभारावी लागते: लुंडेलप्रमाणे संघाने स्वतः निवडून घडवलेले तरुण घेऊन किंवा उतारवयातील अनुभवी खेळाडू मिळवून.

यशाची किंमतही मोजावी लागते. वर्षाला सुमारे ४४ लाख डॉलर घेणाऱ्या बेनेटशी करंडकानंतर फ्लोरिडाने वार्षिक ८० लाखांचा, आठ वर्षांचा करार केला. आघाडीची खोली एकदा कमावली म्हणजे कायमची आपली होत नाही. दर हंगामात ती नव्याने खणावी लागते.