खोडण्याआधी अवयव पाडा

इतवारीच्या सराफा बाजारात २२ कॅरेट सोनं म्हणजे २४ भागांत २२ भाग शुद्ध. २२/२४ चे ११/१२ होतात, कारण २ हा वर-खाली दोन्हीकडे गुणक आहे. आठवीच्या बीजगणितातही नियम हाच.

(क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष + ६) दिसलं की पोरं सरळ क्ष² खोडून मोकळी होतात. तिथेच घोळ! बेरीज-वजाबाकीतलं पद असं उडवता येत नाही. आधी अवयव पाडा:

(क्ष + ३)(क्ष − ३) / [(क्ष + ३)(क्ष + २)]

आता (क्ष + ३) खुशाल खोडा. उरतं (क्ष − ३)/(क्ष + २). क्ष = १ ठेवून ताळा करा: मूळ राशी आणि उत्तर, दोन्ही −२/३. क्ष² खोडणाऱ्याच्या हाती मात्र −९/११ येतं.

क्ष ची किंमत −२ किंवा −३ चालत नाही. मूळ छेद शून्य होतो. उत्तरात (क्ष + ३) दिसत नसला, तरी −३ ची अट लिहायचीच.