दरडीची पूर्वसूचना देणारे संवेदक

डोंगर एकाएकी कोसळला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः उतारावरील माती सुटण्यापूर्वी तिच्या पोटात बराच काळ फेरबदल चालू असतात. ते वरून दिसत नाहीत इतकेच. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी सकाळी दरडीखाली गाडले गेले व सुमारे दीडशे माणसे दगावली. खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी दरड आली ती रात्री. अंधारात व मुसळधार पावसात उतारावर लक्ष ठेवणे माणसाला शक्य नसते. तेथे संवेदकांचा उपयोग होऊ शकतो.

सह्याद्रीच्या उतारावर माती व मुरमाचा थर असून त्याखाली कठीण कातळ असतो. मुरलेले पाणी कातळावर अडते व मातीच्या कणांमधील पोकळ्या भरू लागते. पोकळ्या भरल्या की पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून ढकलतो आणि त्यांची परस्परांवरील पकड सैल होते. भाताच्या खाचरात चिखलणी केल्यावर पाय कसा रुततो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. एक हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० टन पाणी पडले. २०० मिलिमीटरचे २,००० टन होते. त्यातील काही वाहून जात असले, तरी मुरणाऱ्या पाण्याचा भार उतारावर पडतोच. म्हणून एका दिवसाच्या सरीपेक्षा आधीच्या काही दिवसांचा एकूण पाऊसही तितकाच महत्त्वाचा असतो.

हे फेरबदल मोजण्यासाठी उतारात भोके घेऊन निरनिराळ्या खोलीवर उपकरणे पुरतात. ओलावामापक मातीतील पाण्याचे प्रमाण सांगतो. जलदाबमापक पोकळ्यांतील दाब मोजतो. कलमापक मातीचा थर किंचित झुकला तरी त्याची नोंद करतो. पृष्ठभागावर पर्जन्यमापक असतो. या नोंदी बिनतारी पद्धतीने केंद्राकडे जातात. नुसता पाऊस वाढला तर सावधगिरीची सूचना, दाबही चढू लागला तर त्यापुढील इशारा आणि थर हलू लागला तर स्थलांतर, अशा पायऱ्या ठरविता येतात. यांपैकी जलदाबाची नोंद विशेष मोलाची, कारण थर हलण्यापूर्वीच दाब चढतो व माणसे हलविण्यास अवधी मिळतो. कलमापकाची सूचना येते तेव्हा कित्येकदा थोडकीच मिनिटे हाती असतात.

केरळातील मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने असे जाळे उभारले असून २००९ च्या पावसाळ्यात त्याच्या नोंदींवरून धोक्याची सूचना देण्यात आली होती. पुढे सिक्कीममध्ये गंगटोकजवळ चांदमारी येथेही त्याच विद्यापीठाने उपकरणे बसविली. हिमाचल प्रदेशात मंडी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने कमी खर्चाचे संवेदक तयार केले आहेत.

तथापि संवेदक ज्या उतारात पुरला, त्याचीच बातमी देतो. इरशाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. यादी पाहून उपकरणे बसविली असती, तर ती तेथे पोहोचली नसती. शिवाय ऐन पावसाळ्यात आभाळ दाटलेले असता सौर पत्र्यांवर चालणाऱ्या विद्युतघटांची शक्ती उणावते, आणि दोनचार खोट्या सूचना आल्या की गावकरी पुढच्या सूचनेस दाद देत नाहीत. यंत्राच्या किमतीची चर्चा फार होते, त्याच्या देखभालीची मात्र क्वचित.

यास्तव जेथे संवेदक नाहीत तेथे साध्या पर्जन्यमापकास गौण मानू नये. वायनाड जिल्ह्यात शेतकरी आपल्या मळ्यांतील पर्जन्यमापकांच्या नोंदी रोज कळवितात. आपल्याकडेही हे काम वाडीतील एखाद्या तरुणाकडे सहज सोपविता येईल. त्याबरोबरच उतारावर नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे अथवा आटणे, घराची दारे एकाएकी अडकू लागणे, ही चिन्हे तलाठ्यास व तहसील कार्यालयास तत्काळ कळवावीत. माळीणच्या दुर्घटनेनंतर उतारावरील सपाटीकरणाची बरीच चर्चा झाली. खाचरे काढताना नैसर्गिक ओघळी बुजवू नयेत, व भेग पडली असल्यास वरचे पाणी चर काढून दूर वळवावे, मात्र हे काम पाऊस उघडलेला असतानाच करावे.

सूचना मिळाल्यावर ओढ्याच्या पात्रातून खाली न धावता बाजूच्या स्थिर जागी जावे. आषाढ लागताच गुरांची दावी एका ओढीने सुटतील अशा गाठीने बांधावीत, म्हणजे गोठ्यात वेळ जात नाही.