जुन्या मोटारीचे प्लग घरच्या घरी बदलताना



गट ऑफिसला ऊस नोंदीसाठी येणाऱ्या सभासदांपैकी बऱ्याच जणांकडे जुनी मारुती ८०० आहे. तिचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, तरी दवाखाना, बाजार, पाव्हणेरावळे सगळे तिच्यावरच चालते. "साहेब, गाडी मिसिंग मारते, ॲव्हरेज पण पडलंय," ही तक्रार मात्र नेहमीची. पुष्कळदा दोष प्लगचा असतो. मी शेतकी खात्याचा माणूस, फिटर नव्हे. पण हे काम घरी करतो आणि एकदा चांगला फसलोही आहे, म्हणून लिहितो.

आपला हात ट्रॅक्टरवर बसलेला. डिझेल इंजिनात दाबाने हवा तापते आणि डिझेल आपोआप पेटते, त्यामुळे तेथे स्पार्क प्लग नसतो. पेट्रोलला ठिणगी लागते. ८०० ला सिलिंडर तीन, म्हणून प्लग तीन. त्यातला एक बसला की उरलेल्या दोघांवर गाडी थरथरत ओढते.

काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. फडाच्या रस्त्याची माती प्लगच्या खळग्यात साठलेली असते. ती सायकलच्या पंपाने आधी उडवा, नाहीतर प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये जाते. वायर ओढू नका, टोपी धरून काढा. एका वेळी एकच प्लग बदला, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही.

आता माझी फसगत सांगतो. हंगामाची घाई होती, इंजिन गरम होते, आणि मी नवा प्लग सरळ पान्यानेच फिरवायला घेतला. या गाडीचे हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. प्लग तिरका बसला आणि मी जोर लावला. हेडचे आटे गेले! हेड उतरवून नवी बुश बसवावी लागली. तीन प्लगांची किंमत ती काय, आणि खर्च केवढा झाला! शिवाय ऐन तोडणीत शिवार एस.टी.ने फिरलो.

म्हणून नवा प्लग आधी हातानेच फिरवावा. हात पोचत नसेल तर प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून फिरवा. आटे तिरके लागले तर नळीच घसरते, हेड वाचते. वायसर टेकेपर्यंत हाताने, मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस्स. जुनाच प्लग परत बसवताना वायसर आधीच दबलेला असतो, तेव्हा अगदी किंचित आवळावे. गॅप गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे फीलर गेजने पाहावा; कारब्युरेटरच्या गाडीला तो साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो.

काढलेला प्लग फेकण्याआधी नीट बघा. पान पाहून पिकाला काय कमी पडले ते आपण ओळखतो, तसेच हे. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते. चोक अडकला आहे का पाहा, एअर फिल्टर बघा. तेलाने ओला असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले, तेथे नवा प्लगही फार दिवस टिकणार नाही. पांढराफटक, फोड आलेला असेल तर इंजिन जास्त तापते आहे. जुनी गाडी विकत घेताना मालकासमोर तिन्ही प्लग काढून पाहावेत. मालक काहीही सांगो.

बोनेट उघडलेच आहे तर पेट्रोलच्या रबरी नळ्याही चाचपा. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत येते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी फुगलेली, चिरलेली दिसली तर लगेच बदला.

नवे प्लग घालूनही एक सिलिंडर मिसिंग मारत असेल तर तो प्लग शेजारच्या सिलिंडरला घाला. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लगच खराब निघाला. जागेवरच राहिला तर वायर बदलून बघा, आणि तरीही फरक पडला नाही तर गाडी मिस्त्रीकडे न्या.

— ऊस विकास अधिकारी