स्पर्शाविना सूर

३० ऑक्टोबर १९३४ ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या टाउन हॉल सभागृहात तेवीस वर्षांची एक तरुणी रंगमंचावर येऊन उभी राहिली. तिच्यासमोर उंच मेजासारखी एक लाकडी पेटी होती. पेटीच्या एका अंगाला धातूची उभी काठी, दुसऱ्या अंगाला धातूचेच आडवे वेटोळे. तारा नाहीत, पडदे नाहीत, फुंकण्याची नळीही नाही. तरुणीने दोन्ही हात उचलले आणि उजव्या हाताची बोटे काठीपासून काही अंतरावर हवेतच स्थिर केली. त्याबरोबर सभागृहात एक सूर उमटला. तो व्हायोलिनसारखा होता आणि मानवी कंठासारखाही. मैफल संपेपर्यंत तिच्या बोटांनी वाद्याला एकदाही स्पर्श केला नाही.

ती तरुणी म्हणजे क्लारा रॉकमोर आणि ते वाद्य म्हणजे थेरेमिन. हाताच्या नुसत्या हालचालीने गाणे सुरू करणारी किंवा आवाज कमी-जास्त करणारी उपकरणे आज घरोघरी दिसतात. मुलांना त्यांचे नवलही वाटत नाही. परंतु देहाच्या हालचालीतून संगीत घडविण्याची ही वाट शंभर वर्षांपूर्वीच मोकळी झाली होती. त्या वाटेवर सर्वांत दूरवर गेली ती क्लारा, आणि ती गेली ती हौसेखातर नव्हे. तिच्या हातून व्हायोलिन सुटले होते म्हणून.

सुटलेला गज

क्लाराचा जन्म १९११ चा, आजच्या लिथुआनियातील व्हिल्नियस शहरातला. तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होते. थोरली बहीण नाद्या पियानो वाजवी. धाकट्या क्लाराच्या हाती व्हायोलिन आले. इतर मुले अक्षरे गिरवू लागतात त्या वयात तिला सेंट पीटर्सबर्गच्या नामांकित संगीतशाळेत प्रवेश मिळाला आणि लिओपोल्ड आउअर यांच्यासारखे थोर गुरू लाभले. पण पुढची वर्षे महायुद्धाची, क्रांतीची आणि उपासमारीची होती. १९२१ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत पोहोचले.

नव्या देशात स्थैर्य आले, पण बालपणीच्या कुपोषणाने देहावर आपली खूण ठेवली होती. ऐन तारुण्यात क्लाराच्या गज धरणाऱ्या हाताला व्याधी जडली आणि व्हायोलिन कायमचे खाली ठेवावे लागले. ज्या कलेसाठी सारे बालपण वेचले ती हातची गेली. कान तसाच तयार होता, मनातले संगीतही शाबूत होते. साथ सोडली होती ती फक्त हाताने. याच सुमारास तिची गाठ लेव्ह तेरमेन या रशियन शास्त्रज्ञाशी पडली. पाश्चात्त्य जग त्यांना लिऑन थेरेमिन म्हणून ओळखते.

प्रयोगशाळेत जन्मलेले वाद्य

तेरमेन हे भौतिकशास्त्रज्ञ. चेलो हे वाद्यही त्यांना अवगत होते. १९२० मध्ये पेट्रोग्राडच्या प्रयोगशाळेत ते वायूंचे विद्युत गुणधर्म मोजणारे एक यंत्र जुळवीत होते. यंत्राजवळ हात नेला की त्यातून निघणारा आवाज चढतो आणि हात दूर नेला की उतरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी हा दोष समजून दूर केला असता. तेरमेन यांच्यातील वादकाने त्याच आवाजावर एक धून वाजवून पाहिली आणि वाद्याचा जन्म झाला. १९२२ मध्ये क्रेमलिनमध्ये लेनिन यांच्यासमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले; लेनिन यांनी स्वतःही हात हलवून ते वाजवून पाहिले.

या वाद्याच्या पोटात विजेची जलद कंपने निर्माण करणारी दोन मंडले असतात. ही कंपने इतकी वेगवान असतात की ती कानाला ऐकू येत नाहीत. एका मंडलाची कंपने ठरलेली असतात. दुसरे मंडल उभ्या काठीला जोडलेले असते आणि काठीजवळ माणसाचा हात आला की त्याची गती किंचित बदलते, कारण आपला देहही विजेचा भार सामावून घेत असतो. दोन्ही कंपने एकत्र आणली की त्यांच्यातील फरक तेवढा ऐकू येतो. समजा, एका मंडलात सेकंदाला १,७०,००० आणि दुसऱ्यात १,७०,४४० कंपने होत आहेत. तर कानाला ४४० कंपनांचा सूर ऐकू येईल. पाश्चात्त्य वाद्यवृंद आपली वाद्ये याच सुराला जुळवून घेतात. उजवा हात काठीजवळ गेला की सूर चढतो. डावा हात वेटोळ्याजवळ नेला की आवाज लहान होतो, वर उचलला की मोठा.

अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकाला यात आणखी एक गोष्ट जाणवेल. व्हायोलिनच्या तारा परंपरेने मेंढीच्या आतड्याच्या, गज घोड्याच्या केसांचा. आपल्याकडील तबला, मृदंग आणि ढोलकी चामड्याने मढविलेली. थेरेमिनला लागते ते लाकूड, धातू, काच आणि वीज. तेरमेन यांनी हे वाद्य त्या हेतूने घडविले नव्हते, हे खरे. तरी कोणत्याही जिवाचा अवयव न वापरता इतका हृदयस्पर्शी स्वर निघू शकतो, हे मात्र त्यातून सिद्ध झाले.

हालचालीहून कठीण : न हलणे

वाद्याला हात लावायचा नाही म्हणजे वादन सोपे असणार, असा प्रथमदर्शनी समज होतो. प्रत्यक्षात ते अतिशय अवघड आहे. हार्मोनियमच्या पट्टीवर बोट ठेवले की नेमका सूर वाजतो. सतारीला पडदे असतात. व्हायोलिनला पडदे नसले तरी बोटांखाली तार असते आणि हाताला लाकडाचा आधार असतो. थेरेमिनवादकाच्या बोटांखाली केवळ हवा असते. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या साऱ्या श्रुती ऐकू येतात. आपल्या गायकाला जी मींड परिश्रमाने साधावी लागते, ती येथे न मागता मिळते. परिश्रम लागतात ते मींड टाळून सुटा, स्वच्छ सूर लावण्यासाठी.

शिवाय वाद्याला केवळ बोटेच जाणवतात असे नाही. काठीभोवतीच्या अवकाशात असलेला सारा देह त्याला जाणवतो. वादकाने मान वळवली, भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकला, तरी सूर ढळतो. शेजारी कोणी येऊन उभे राहिले तरी ढळतो. अन्य वाद्ये वाजविणारे कलावंत तालाबरोबर डोलतात, सुखावून मान हलवतात. थेरेमिनवादकाला ही मुभा नाही. अंतःकरणात भावनेचा कल्लोळ असला तरी देह निश्चल ठेवायचा आणि हलू द्यायची ती फक्त बोटे, तीही तोलूनमापून.

क्लाराने यासाठी स्वतःची पद्धत घडविली. संपूर्ण हात पुढे-मागे नेण्याऐवजी मनगट स्थिर ठेवून बोटे क्रमाक्रमाने उघडायची आणि मिटायची. प्रत्येक अवस्थेला एकेक सूर बांधलेला. या ‘हवेतील बोटांच्या’ पद्धतीमुळे द्रुत स्वरावलीही स्वच्छ येऊ लागली. वाद्यात काय उणे आहे, हेही तिने तेरमेन यांना निःसंकोच सांगितले. तिच्या सांगण्यावरून त्यांनी वाद्याचा पल्ला तीन सप्तकांवरून पाच सप्तकांपर्यंत वाढविला आणि डाव्या हाताला ते अधिक तत्परतेने प्रतिसाद देईल अशी व्यवस्था केली. लोक ज्याला विजेची गंमत समजत होते, ते तिच्या हाती गंभीर वाद्य ठरले.

मन, वचन आणि काय या तीन गुप्तींचा संस्कार असलेल्या घरात हे वर्णन अनोळखी वाटणार नाही. कायोत्सर्गात उभ्या असलेल्या साधकाची निश्चलता देहावरील ममत्व सोडण्यासाठी असते. वादकाची निश्चलता कलेसाठी. दोहोंचे ध्येय निराळे आहे आणि त्यांची बरोबरी करण्याचे कारण नाही. तरीही देहाची प्रत्येक लहानसहान हालचाल परिणाम घडविते, म्हणून ती जाणीवपूर्वक व्हावी, ही शिकवण दोन्हीकडे सारखी दिसते.

तेरमेन यांनी पुढे ‘टर्प्सिटोन’ नावाचा एक मंचही तयार केला. त्यावर उभे राहणाऱ्याचा संपूर्ण देहच वाद्य वाजवी. हात-शरीर उंचावले की सूर चढे, खाली झुकले की उतरे. नृत्यातूनच संगीत निर्माण व्हावे, ही कल्पना मोहक होती. परंतु नृत्यात निपुण असलेल्यांनाही देहाने सूर सांभाळणे जड गेले. १९३२ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये या मंचाचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा त्यावर क्लाराच उभी राहिली.

बाजाराचा धडा

या वाद्याच्या इतिहासात व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवावे असेही एक पान आहे. १९२९ मध्ये अमेरिकेतील आरसीए या बलाढ्य कंपनीने थेरेमिन बाजारात आणले. किंमत १७५ डॉलर. नळ्या आणि ध्वनिवर्धक यांचा खर्च त्याहून निराळा. ज्याला धून गुणगुणता येते त्याला हे वाद्यही वाजविता येईल, असा जाहिरातींचा सूर होता. त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीला आरंभ झाला. मंदीचा फटका होताच. पण ज्यांनी वाद्य घरी नेले त्यांनाही ते वश होईना. सुमारे पाचशे नगांवर हे उत्पादन थांबले. माल चांगला होता, पण त्याविषयी दिलेले वचन खरे नव्हते. वाद्य विकता येते. त्यामागची साधना मात्र ग्राहकाला विकता येत नाही.

पुढे रॉबर्ट मूग या तरुणाने हाच धंदा निराळ्या रीतीने केला. शाळकरी वयापासून तो स्वतः थेरेमिन बनवीत असे. १९६१ च्या सुमारास त्याने पन्नास डॉलरच्या आतल्या किमतीत सुटे भाग विकण्यास प्रारंभ केला. ते जोडून वाद्य तयार करण्याचे काम ग्राहकाचे. ज्यांना खरी आवड आणि श्रमाची तयारी होती तेच हे भाग मागवीत. सुमारे हजार संच विकले गेले. त्या उत्पन्नाने आणि अनुभवाने मूग यांना पुढचे पाऊल टाकता आले. १९६४ मध्ये त्यांनी जे संश्लेषक वाद्य घडविले त्याने जगाच्या संगीताचा नाद बदलून टाकला. क्लारा वार्धक्याकडे झुकली असताना तिच्या वादनाचे ध्वनिमुद्रण १९७७ मध्ये प्रकाशित झाले, तेही मूग यांच्याच पुढाकाराने. पियानोवर साथ बहीण नाद्याची होती.

ज्यांचा देह साथ देत नाही

हात निकामी झाल्यावरही संगीत जिवंत राहू शकते, हे क्लाराने दाखविले. हा तिचा वारसा आज विशेषतः अशा मुलांच्या उपयोगी पडत आहे, ज्यांना कोणतेही नेहमीचे वाद्य धरता येत नाही.

‘लाइफ ऑन अर्थ’ या गाजलेल्या निसर्गमालिकेला संगीत देणारे ब्रिटिश संगीतकार एडवर्ड विल्यम्स यांनी १९८० च्या दशकात ‘साउंडबीम’ हे उपकरण तयार केले. वटवाघूळ ज्याप्रमाणे न ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या साहाय्याने अंतर ओळखते, त्याप्रमाणे हे उपकरण समोरच्या व्यक्तीची हालचाल ओळखते आणि तिचे सुरांत रूपांतर करते. मूळ हेतू नर्तकांचा होता. पण विशेष मुलांच्या शाळांत ते अधिक रुजले. अमेरिकेत संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस यांनी २००७ च्या सुमारास, विकलांग मुलांसोबत काम करणाऱ्या उपचारतज्ज्ञांच्या साहाय्याने, ‘ऑमी’ नावाची संगणकप्रणाली घडविली. संगणकाचा साधा कॅमेरा मुलाच्या हालचालीवर लक्ष ठेवतो. हात उचलता येत नसेल तर मान, मानही वळत नसेल तर चेहऱ्याची किंचित हालचाल, आणि तेवढ्यावरही सूर उमटतो. ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. ब्रिटनमधील क्रिस हॅल्पिन या वादकाला मेंदूच्या पक्षाघातामुळे गिटार वाजविणे कठीण होत गेले. संवेदक बसविलेले हातमोजे घालून, हवेत हात हलवून तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला.

अनेक घरांत असे एखादे मूल असते. पूजेच्या वेळी सारे कुटुंब स्तवन म्हणते, टाळ्या वाजविते. ते मूल कोपऱ्यात बसून केवळ पाहत राहते. त्याला समजत नाही, असे वडीलधारी मंडळी नकळत गृहीत धरतात. कित्येकदा त्याला समजत असते, पण समजले हे दाखविण्याचे साधन त्याच्या देहाजवळ नसते. मान वळविताच सूर निघाला आणि पुन्हा वळविताच तोच सूर पुन्हा निघाला, तर ‘हे मी केले’ ही जाणीव त्या मुलाला कदाचित प्रथमच होईल. अशी साधने काही आजार बरा करीत नाहीत. परंतु पाहणाऱ्याला ती सहभागी करून घेतात, आणि कुटुंबाच्या दृष्टीने हे थोडे नाही.

तेरमेन यांचे उत्तरायुष्य मोठ्या यातनांत गेले. १९३८ मध्ये ते मायदेशी परतले, लवकरच त्यांना अटक झाली आणि श्रमछावणीत धाडण्यात आले. पुढे अनेक वर्षे बंदिवान शास्त्रज्ञ म्हणून त्यांना काम करावे लागले. अखेर १९९१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, ते पुन्हा न्यूयॉर्कला आले. ऐंशी वर्षांची क्लारा तेथेच राहत होती. ज्याने तिला तिचे संगीत परत दिले, तो वृद्ध शास्त्रज्ञ अर्ध्या शतकानंतर तिच्या घरी आला. ते वाद्य तिने तोवर जपून ठेवले होते.