सातवीतला मुलगा आणि पहिलीचं पुस्तक

‘शेतकरी’ हा शब्द सातवीतला मुलगा कसा वाचतो, ते ऐकत बसलो होतो. ‘श ला एक मात्रा शे, त, क, र ला दुसरी वेलांटी री.’ इतकं म्हणून तो थांबला आणि वर पाहू लागला. सुटे भाग सगळे बरोबर होते, पण ‘री’पर्यंत पोहोचेतो ‘शे’ हातातून निसटला होता. घरी कपाशी आणि मका, बाप शेतकरी, आणि पुस्तकातला शेतकरी काही त्याला भेटेना.

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा तालुका लागतो. तिथल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शनिवारी सकाळच्या शाळेला जातो. वाचनात मागे पडलेली वरच्या वर्गांतली मुलं घेऊन व्हरांड्यात बसायचं, एवढंच काम. या मुलांना वाचायला आवडत नाही, असं सगळेच म्हणतात. मला दिसतं ते निराळं. आपल्याला येत नाही हे चारचौघांत उघडं पडणं त्यांना आवडत नाही, आणि ते लपवण्यात ती पटाईत झालेली असतात. कुणी धडा तोंडपाठ करून येतो. आवाज खणखणीत असतो, बोट मात्र तिसऱ्याच ओळीवर. कुणाला वाचायची पाळी आली की नेमकी तहान लागते.

कोण कुठे अडलंय, हे पाहायला फार वेळ लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2005पासून वापरतात तीच उतरंड पुरते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल ज्या पायरीवर असेल तिथून पुढे न्यायचं, इयत्ता बघायची नाही. कागदावर हे सोपं आहे. पण ओठांवर मिसरूड फुटू लागलेल्या पोराच्या हाती चित्रांचं, पानाला दोन ओळींचं पुस्तक द्या. त्याचे कान लाल होतात. ‘मले हे लहान्या पोरायचं देता काय, सर?’ असं एकानं विचारलं तेव्हा उत्तर सुचेना.

मार्ग शाळेतल्या गुरुजींनी काढला. त्या पोराला म्हणाले, ‘पहिलीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायला मला माणूस कमी पडतो. तू येशील का?’ बस. पुस्तक तेच, पण आता ते त्याच्यासाठी नव्हतं, लहानांसाठी होतं. वाचून दाखवायचं म्हणजे आधी तयारी आली. आम्ही दोघं कोपऱ्यात बसलो. आधी मी वाचलं, त्यानं ओळीवर बोट फिरवलं. मग दोघांनी एका सुरात वाचलं, मग त्यानं एकट्यानं. ‘श ला मात्रा’ला बंदी. शब्द अडला तर मी तो पुरा सांगून टाकायचो, म्हणजे गोष्ट पुढे सरकायची. तिसऱ्या खेपेला त्यानं वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणला. वाक्य कुठं संपतंय ते त्याला कळलं होतं.

पुढे पहिलीचा वर्ग. मांडी घातलेली पोरं, नाकं वाहणारी, कुणी पार पुस्तकावर ओणवलेलं. तो वाचू लागला. ‘काळी मांजर’ आलं तिथं तो ‘कायी मांजर’ म्हणाला. आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळा तो डोया. दारात उभ्या असलेल्या एका बाईंनी लगेच दुरुस्ती केली आणि पोरगा अडखळला. मला ती दुरुस्ती पटली नाही. डोळ्यांनी ‘काळी’ पाहून तोंडानं ‘कायी’ म्हणणाऱ्याला अर्थ पोचलेला असतो. अक्षरांवरून अंदाजानं भलताच शब्द ठोकणाऱ्याचं तसं नसतं. पहिल्याला जाऊ द्यावं, दुसऱ्याला थांबवावं. प्रमाण उच्चाराला पुढे आयुष्य पडलंय.

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. मोठी मुलं गळतात. परत येतात तेव्हा पुन्हा अडखळत असतात. म्हणून पुस्तकं घरी जायला हवीत. ती मात्र बऱ्याच ठिकाणी कपाटात कुलपाआड असतात, कारण हरवलं तर नोंदवहीत उत्तर कुणी द्यायचं? इथल्या गुरुजींनी वर्गात सुतळी बांधून पुस्तकं टांगली आहेत. दोन-चार हरवली, काहींची पानं गेली. त्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही.

मुलांसाठी वाचायला मराठीत काहीच नाही, अशी ओरड मला मान्य नाही. ‘बालभारती’चं ‘किशोर’ 1971पासून निघतंय, माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका आहेत, ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर फुकट गोष्टी मिळतात. उणीव वेगळ्या जागी आहे. तेरा वर्षांच्या मुलाच्या मनातलं, पण दुसरीच्या वाचनाला झेपेल असं लिहिलेलं शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. सोपं असतं ते सशाचं आणि मुंगीचं. मोटर, ट्रॅक्टर, कुस्ती यांवरचं असतं ते जोडाक्षरांनी ठासलेलं.

आमचा हा वाचक आता पहिलीत ठरलेला माणूस झालाय. मध्यंतरी त्यानं फवारणीच्या पंपाबद्दल काहीतरी वाचायला मागितलं. शाळेतल्या पुस्तकांत तसलं काही नव्हतं, म्हणून मी शेजारच्या शेतकऱ्याकडून औषधाच्या डब्यासोबत येणारं माहितीपत्रक आणून दिलं. मुंगीएवढी अक्षरं. त्यानं चार ओळी नेटानं काढल्या, ‘शिफारशीत मात्रा’वर थबकला, म्हणाला, ‘सर, हे कोनाले समजते?’ मी पत्रक हातात घेऊन दोनदा वाचलं. मलाही नीटसं समजलं नाही, आणि हे वाचूनच त्याच्या बापानं पाण्यात औषध किती टाकायचं ते ठरवायचं होतं.