दोन मिनिटांची किंमत : एक गाडी

मार्च 2019 मध्ये मध्य रेल्वेवर परळ टर्मिनस सुरू झाले आणि दादरहून सुटणाऱ्या काही लोकल परळहून सुटू लागल्या. मधले अंतर ते केवढे! पण वेळापत्रक आखणाऱ्याला तेवढ्यानेही घाम फुटू शकतो. का, ते पाहू.

समजा, दादर-डोंबिवली फेरीला जाणे, येणे आणि दोन्ही टोकांचे थांबे धरून 146 मिनिटे लागतात व दर 15 मिनिटांनी एक गाडी सोडायची आहे. 146 ला 15 ने भागले की 9.73 येतात. पाऊण गाडी चालवता येत नाही, म्हणून 10 गाड्या लागतील. आता परळपर्यंत गेल्याने फेरी 6 मिनिटांनी वाढली, तर 152 भागिले 15 म्हणजे 10.13, गाड्या लागतील 11! फेरी 150 मिनिटांची असती तर 10 पुरल्या असत्या. जादा दोन मिनिटांसाठी एक पूर्ण गाडी लागली.

ही दोन मिनिटे टोकाच्या थांब्यातून कापता येतील. पण तो थांबा म्हणजे उशीर पचवणारी गादी आहे. ती पातळ केली, की एका गाडीचा उशीर पुढच्या फेरीच्या बोकांडी बसतो.

प्रत्यक्षात बंधने याहून पुष्कळ असतात: दोन गाड्यांतले सुरक्षित अंतर, रिकामा फलाट, रुळांची अदलाबदल. 20 गाड्यांना सुटण्याच्या प्रत्येकी 5 वेळा शक्य असतील, तर 95 लाख कोटींहून अधिक वेळापत्रके होतात. ती एकेक तपासणे अशक्य. येथे 1960 साली लँड आणि डॉइग यांनी मांडलेली पद्धत उपयोगी पडते. आधी अपूर्णांक गाड्या चालतील असे मानून सोपे गणित सोडवायचे. त्याचे उत्तर ही त्या फांदीची मर्यादा. त्याहून चांगले उत्तर तिथे मिळणारच नाही. ती मर्यादाच हाती असलेल्या उत्तराहून वाईट असेल, तर ती फांदी न तपासताच छाटायची.

मात्र ‘चांगले’ म्हणजे काय, हे गणित ठरवत नाही. कमी गाड्या, कमी उशीर, की पुलावर कमी गर्दी? परळ आणि आताचे प्रभादेवी यांना जोडणाऱ्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे गेली. दोन्ही मार्गांच्या गाड्या एकाच मिनिटाला फलाटावर रित्या होऊ नयेत, हेही बंधन समीकरणात लिहिता येते. ते लिहायचे की नाही, हे माणसांनी ठरवायचे असते.

वर्गात हेच गणित 12 मिनिटांच्या अंतराने करून पाहावे. त्या अंतराला परळची वाढीव फेरी फुकटात पडते का?