समुद्रात लोखंड टाकण्यापूर्वी

मी कलाशाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, तेव्हा सागरविज्ञानावर मी लेख देतो म्हटल्यावर संपादक मंडळातील मित्र हसले. परंतु हा विषय मला प्रयोगशाळेत नव्हे, मालवणकडच्या आमच्या वाडीत भेटला. माझे काका रापणीतले वाटेकरी. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाकडून कोणी साहेब आले, कोणता मासा कमी झाला, कधीपासून झाला, जाळे किती वावांत टाकता, असे नाना प्रश्न विचारून छापील कागद भरून घेऊन गेले. काकांनी अर्धा दिवस मोडून उत्तरे दिली. त्या कागदांचे पुढे काय झाले, ते आजतागायत वाडीत कोणालाही कळलेले नाही. त्यामुळे समुद्राचा अभ्यास करणाऱ्यांविषयी काकांचे मत फारसे बरे नाही.

त्यांना मी एकदा सांगितले की, आपल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ 2009 साली दक्षिणेच्या महासागरात लोखंड टाकायला गेले होते. काकांनी जाळ्याची गाठ मारता मारता विचारले, "आमच्या दर्यात टाकूच्या आदी आमका इचारतले मां?"

या एका प्रश्नापायी मी पुष्कळ वाचन केले. त्यातले जे समजले ते येथे मांडतो.

लोखंड कशासाठी? समुद्राच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगत असतात. शेतातल्या पिकाप्रमाणे त्याही सूर्यप्रकाशात हवेतला कर्बवायू शोषून वाढतात. त्या मेल्यावर त्यांचा काही भाग खोल तळाकडे जातो आणि तो कर्ब दीर्घकाळ तेथेच अडकून पडतो. दक्षिण महासागरात नत्र आणि स्फुरद भरपूर आहे, पण लोह नाही. म्हणजे शेतात खताचे ढीग पडलेले आणि चिमूटभर औषधावाचून पीक खुंटलेले. तेथे थोडे लोखंड टाकले तर हिरवळ माजेल आणि हवेतला कर्ब खाली जाईल, अशी ही कल्पना. जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1988 मध्ये अर्धवट थट्टेने सांगितले होते की, अर्धे जहाज लोखंड मिळाले तर मी पृथ्वीवर हिमयुग आणून दाखवीन. बिचारा 1993 मध्ये वारला, आणि त्याच वर्षी गालापागोस बेटांजवळ पहिला प्रयोग झाला. पुढे असे डझनभर प्रयोग झाले.

2009 च्या प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' हा आपलाच. जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था आणि दोना पावलाची आपली संस्था यांचा हा संयुक्त उपक्रम होता. व्हिक्टर स्मेटासेक आणि वाजिह नक्वी हे त्याचे प्रमुख. जानेवारीत 'पोलारस्टर्न' हे जहाज केप टाउनहून निघाले आणि मागे किनाऱ्यावर वादळ उठले. आदल्याच वर्षी, मे 2008 मध्ये, बॉन येथे जैवविविधता करारातील राष्ट्रांनी ठरविले होते की, किनाऱ्याजवळचे लहान अभ्यास वगळता समुद्राला असे खत घालू नये. हा प्रयोग तर भर महासागरात होणार होता. पर्यावरणवादी संघटनांनी तक्रार केली. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाचा विरोध होता आणि संशोधन मंत्रालयाने काम स्थगित केले. जहाज समुद्रात, लोखंड जहाजावर आणि परवानगी टांगलेली! त्रयस्थ तज्ज्ञांकडून धोक्यांची तपासणी झाली आणि 26 जानेवारीला हिरवा कंदील मिळाला.

मला वाटते, येथेच गोम आहे. शास्त्रज्ञांची बाजू लंगडी नव्हती. टाकायचे लोखंड थोडे होते, क्षेत्र तीनशे चौरस किलोमीटरचे म्हणजे त्या महासागरात एक थेंब, आणि हेतू नफ्याचा नव्हे तर समजून घेण्याचा. पण हे सगळे लोकांना पटवून द्यायची वेळ जहाज सुटल्यानंतर आली. लग्नाची वरात दारात आल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे हे झाले. उत्तर होकारार्थी आले तरी विचारल्याचे समाधान कोणालाच मिळत नाही.

प्रयोगाचा निकाल मात्र मोठा बोधक निघाला. सुरुवातीला वनस्पती वाढल्या. परंतु ज्यांचे शरीर जड, वाळूच्या जातीच्या कवचाने बनलेले असते आणि म्हणून जे तळाकडे जातात, ते डायाटम वाढलेच नाहीत, कारण कवचाला लागणारे सिलिका त्या पाण्यात उरले नव्हते. वाढल्या त्या मऊ, लहान जाती. त्या कोपेपॉड नावाच्या बारीक जिवांनी फस्त केल्या, आणि त्या जिवांना त्यांच्याहून मोठे, कोळंबीसारखे ॲम्फिपॉड खाऊ लागले. सुमारे एकोणचाळीस दिवस त्या पाण्यावर पहारा ठेवून शास्त्रज्ञांनी मोजले, तो तळाकडे गेलेला कर्ब नगण्य! हे त्यांनी लपविले नाही. कर्ब गाडण्याच्या या उपायावर तेथे फारशी आशा ठेवता येत नाही, असे त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर केले. समुद्राला खत घालून पैसा कमावू पाहणाऱ्या कंपन्या तेव्हा जगात होत्या. त्यांच्या दृष्टीने ही वाईट बातमी होती.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. 2012 मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हैदा ग्वाई बेटांजवळ सुमारे शंभर टन लोहयुक्त पदार्थ समुद्रात ओतण्यात आला. तेथे लोकांना विचारले होते. ओल्ड मॅसेट या गावच्या लोकांनी मत देऊन स्वतःचा पैसा घातला, कारण सॅमन मासा परत येईल असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढे सरकारची चौकशी लागली आणि जगभर बोभाटा झाला. लोखंडामुळे सॅमन वाढला असा शास्त्रीय पुरावा काही हाती लागला नाही. म्हणजे नुसते 'विचारले' म्हणून भागत नाही. काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि बिघडले तर कोण निस्तरणार, हे सांगून विचारले पाहिजे. गरजवंताला आशा दाखवून घेतलेली संमती मी तरी संमती मानणार नाही. 2013 मध्ये लंडन करारातील राष्ट्रांनी अशा प्रयोगांसाठी नियमांची दुरुस्ती मंजूर केली, त्यामागे हे प्रकरणही होतेच.

आपल्याकडे लोकांचा विश्वास कसा बसतो, याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि त्याच सूक्ष्म वनस्पतींचा हिरवेपणा पाहून मासा कोठे मिळण्याचा संभव आहे, ते कोळ्यांना कळविते, तेही त्यांच्या भाषेत. हा अंदाज दर वेळी खरा ठरतो असे नाही. आमच्या बंदरावर त्यावरून चेष्टाही होते. पण तो दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या जाळ्यात तपासता येतो, म्हणून माणसे तो ऐकतात. काकांनी भरून दिलेल्या कागदात आणि या अंदाजात एवढाच फरक आहे; एकात माहिती नुसती गेली, दुसऱ्यात ती परत आली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी काकांना लोहाफेक्सची ही हकीकत सांगितली. डायाटम, कोपेपॉड हे त्यांना चटकन समजले, कारण पाण्याचा रंग पालटला की मासा कोणता येईल, हे त्यांना मुळातच ठाऊक. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "येवढा करून जमूक नाय, ह्या तेंनी सोताच सांगल्यानी?"

मी म्हटले, "हो."

"मगे तेंका आमच्या होडयेत घेवक हरकत नाय," काका म्हणाले, आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.